हाफ टाइमचा फोन

बसवनगुडी, बेंगळूर
१५ सप्टेंबर २०२४

जया,

वर नुसतं नाव लिहिलंय. ‘चिरंजीव’ लिहायला घेतलं आणि आईचं अक्षर आठवलं, हात थांबला. तू माझा नंबर बंद केलास, अण्णांचा केलास, ईमेल परत येते. हॅम्बुर्गचा हा पत्ता कार्तिकनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस. शाळेपासूनचा दोस्त आहे तुझा, आणि मी त्याच्या दुकानात उभी राहून रडले, म्हणून त्यानं दिला.

तू काही बोलू नकोस हवं तर. फक्त वाच.

अण्णांना शहात्तर पूर्ण झाली. गेल्या वर्षापासून विसरायला लागलेत. गांधी बझारला जाऊन कोथिंबीर आणतात, तासाभरानं पुन्हा जाऊन कोथिंबीर आणतात. शेजारच्या महानंदाबाईंना परवा ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं. मला अजून ओळखतात. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढत जाईल, घरात बदल फार करू नका.

फुटबॉल मात्र जसंच्या तसं आहे. रोव्हर्सचा अख्खा संघ पाठ, कुणाला कुठून घेतलं, कुणाला का सोडलं ते सगळं. काल लीगची पहिली मॅच होती. साडेसातला टीव्ही लावून दिला. तुझी वेताची खुर्ची खिडकीशी असते तिथंच आहे, मी कधी हलवली नाही. अण्णा दिवाणावर बसले आणि खुर्चीकडे मान वळवून म्हणाले, “आता सांग बघू, गोलकीपरपासनं बारीक बारीक पास देत यायचं म्हणजे काय? हे काय भरतकाम आहे?”

मला वाटलं मला विचारतायत. मी स्वयंपाकघरातून “काय अण्णा?” म्हटलं. ते म्हणाले, “तुला नाही, जयाला.”

मग थांबले. कुणाचं तरी ऐकताना माणूस थांबतो ना, मध्ये मध्ये मान हलवतो, तसे. मग हसले. “सरी, सरी, कबूल. पण गोल करायला नऊ नंबरचा फॉरवर्ड लागतो बाबा. तत्त्वज्ञान जाळ्यात जात नाही.”

मॅच संपेपर्यंत हेच चाललं. मी चपातीचं पीठ हाताला तसंच ठेवून दारात उभी होते. सात वर्षांत त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं मी.

तुझी
अक्का


६ ऑक्टोबर २०२४

जया,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर नाही, सरी. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. वाचून झाल्यावर मला वेडी म्हणालास तरी चालेल.

काल कार्तिक आला होता. रोव्हर्सच्या प्रेक्षकांचा जो ग्रुप आहे तो त्यानं मला मोबाइलवर दाखवला. त्यात ‘साइडलाइन’ नावानं लिहिणारा तूच आहेस, हे त्याला दोन वर्षांपासून माहीत आहे. मला म्हणाला, “अक्का, मॅच चालू असताना बघा, कसा भांडतो सगळ्यांशी. निदान खुशाल आहे एवढं तरी कळेल.”

तुला माहीत आहे, मी लॅबमध्ये काम करते, वेळ लिहून ठेवायची सवय आहे. काल उगाच रिपोर्टाच्या मागच्या बाजूला लिहीत बसले.

सात बावन्न. अण्णा खुर्चीला म्हणाले, “तू म्हणतोस तीन डावे बॅक घेतले आणि उजवीकडे कोणीच नाही? खरंय. संघ बांधणारा एकाच कुशीवर झोपत असेल.” आणि मोठ्यानं हसले.

सात पंचावन्नला तुझी ओळ आली. तू कन्नडमध्ये लिहितोस, मी मराठीत मांडते. ‘तीन डावे बॅक घेतले आणि उजवीकडे कोणीच नाही. आमचा संघ बांधणारा माणूस एकाच कुशीवर झोपतो वाटतं.’

मी कार्तिककडे बघितलं. त्यानं दोन्ही ऐकलं होतं, वाचलं होतं. म्हणाला, “वीस वर्षं एका बाकावर बसून मॅच बघितल्यात दोघांनी. डोकं सारखंच चालणार की अक्का.”

बरोबर आहे. मीही तेच म्हटलं. पण उत्तरार्धात पुन्हा झालं, आणि पुन्हा. मंजुनाथसारखा आपला खेळाडू सोडून चौतीस वर्षांचा परदेशी आणला, त्यावरचं तुझं वाक्य अण्णांनी आधी म्हटलं. प्रत्येक वेळी आधी अण्णा, मग तू. तीन मिनिटं, चार मिनिटं. एवढा वेळ टाइप करायला लागतो, नाही का?

अण्णांकडे आता मोबाइल राहिलेला नाही, जया. त्यांना ग्रुप म्हणजे काय ते माहीत नाही.

कार्तिकनं कॉफी अर्धी ठेवली आणि गेला. जाताना त्यानं खुर्चीला वळसा घातला. सरळ दाराकडे जाता आलं असतं.

अक्का


३ नोव्हेंबर २०२४

जया,

खरं सांग. तुला ऐकू येतं का?

दिवाळीत अण्णांनी नवा शर्ट घातला आणि तुझ्यासाठी म्हणून एक बाजूला ठेवायला लावला. आजवर मी मनाला समजावत होते की दोघं सारखा विचार करता. काल ते समजावणंही संपलं.

काल रोव्हर्सनी पहिल्या अर्ध्या तासात एकदाही गोलवर मारलं नाही. चेंडू आपलाच, पास आपलेच, फिरवतायत नुसते. अण्णा तापले. खुर्चीकडे बोट करून म्हणाले, “तुझं हे धोरण म्हणजे उपासाच्या दिवशी पंगत वाढणं आहे. वाढतायत, वाढतायत, जेवत कोणी नाही!”

चार मिनिटांनी तुझी ओळ: ‘पंगत वाढायला वेळ लागतो. पानं मांडायच्या आधी कोणी जेवायला बसत नाही.’

ग्रुपमध्ये तोवर कुणीही जेवणाचा शब्द काढला नव्हता. मी वरपर्यंत जाऊन बघितलं, दोनदा. तुझ्या ओळीखाली लोकांनी विचारलंय, कसलं जेवण, कुणाचं लग्न आहे, झोपेत लिहितोस काय. तू उत्तर दिलं नाहीस. तुलाही कळलं नसेल का, तू कुणाला बोललास ते?

आणि अण्णांनी ते वाचलेलं नसताना खुर्चीला म्हटलं, “होय, पानं मांड. मांडेपर्यंत नव्वद मिनिटं होतात.”

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त हेवा वाटला. तुम्ही दोघं बोलताय. सात वर्षं भांडून तोंड न बघणारे दोघं माझ्यासमोर बसून भांडताय, आणि मी भांडी घासतेय.

हाफ टाइमनंतर अण्णा खुर्चीपासून थोडं अलीकडे, जमिनीकडे बघायला लागले, आई पाट टाकून बसायची तिथं. म्हणाले, “तुझी आई म्हणते, घरात आहे त्यातनं सैपाक करावा, रोज उठून बाजार कशाला. गल्लीतली पोरं घ्या म्हणते. बघ, तिला तुझ्यापेक्षा कळतं.”

आईला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण हे ती नक्की म्हणाली असती.

मग अण्णा पुढं वाकले. म्हणाले, “श्री, टीव्ही बारीक कर. तुझी आई आणखी काहीतरी सांगतेय जयाला. ऐकू येत नाही.”

मी आवाज वाढवला.

का वाढवला ते आज लिहीत नाही.

अक्का


२४ नोव्हेंबर २०२४

जया,

मी खुर्ची हलवली.

डॉक्टर म्हणाले होते, घरात बदल करू नका. तरी काल दुपारी मी ती उचलून गच्चीवरच्या खोलीत टाकली आणि दार लावून घेतलं. अण्णांना म्हटलं, वेत तुटलाय, दुरुस्तीला दिली. साडेसातला ते दिवाणावर बसले, खिडकीकडे बघितलं, आणि मग टीव्हीकडे बघितलंच नाही. रोव्हर्सनी दोन गोल मारले, यांनी मान वळवली नाही. ताट समोर ठेवलं, ते तसंच राहिलं. मी हाक मारली तर “हां” म्हणत होते, नुसतं “हां”.

आठ वाजून दहा मिनिटांनी कार्तिकचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “अक्का, तुम्ही घरात काही केलंत का? जयानं हे काय लिहिलंय बघा.”

ग्रुपवर तुझी एकच ओळ होती. ‘खुर्ची कोणी हलवली?’

मी वर गेले, खुर्ची घेऊन आले, जागेवर ठेवली. अण्णांनी खुर्चीकडे बघून “आलास?” म्हटलं आणि जेवायला लागले.

आता मला लिहायलाच हवं. आई तिथं बसून तुला सांगणारच असेल, तर आधी मी सांगते.

सात वर्षांपूर्वीचा तो मार्च, ती फायनल. दुपारपासून आईला बरं वाटत नव्हतं. पित्त म्हणत होती. तुम्ही दोघं मैदानावर जाऊ की नको करत होता. ‘जा, मी आहे’ असं मी म्हटलं, हे तुला माहीत आहे. हाफ टाइमला तू अण्णांना म्हणालास, घरी जाऊया. अण्णा फोन करायला बाजूला गेले, परत आले आणि म्हणाले, “बस, काही होत नाही.” मग एक्स्ट्रा टाइम झाला, पेनल्टी झाल्या. तुम्ही घरी पोचलात तेव्हा आई गेलेली होती. तेराव्याच्या दिवशी तू त्यांना सगळ्यांसमोर विचारलंस, “तुम्ही फोन तरी केला होता का?” आणि ते म्हणाले, “नाही केला. मॅच सोडवत नव्हती.” महिन्याभरात तू गेलास.

जया, त्यांनी फोन केला होता.

मी उचलला होता. मी त्या वेळी मल्हारशी बोलत होते. बेळगावचा मल्हार, माझ्या लॅबमधला, तुला एकदा भेटवला होता. लग्नाचंच चाललं होतं आमचं. मध्ये अण्णांचा फोन आला. त्यांनी विचारलं, “कशी आहे?” मी म्हटलं, “आत्ताच बघून आले. झोपलीय शांत. मॅच बघा तुम्ही.” आणि पुन्हा मल्हारचा फोन घेतला.

मी बघून आले नव्हते. पाऊण तास मी खोलीत गेलेच नव्हते.

तेराव्याला अण्णा ते खोटं बोलले तेव्हा मी तिथंच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या होता. एक शब्द बोलले नाही. मग वाटलं उद्या सांगेन. मल्हारला मी पुन्हा फोन केला नाही, तीच शिक्षा पुरे असं स्वतःला सांगत राहिले. पण शिक्षा भोगली दुसऱ्याच माणसानं.

काल जेवण झाल्यावर अण्णांसमोर बसले आणि म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी मी आईला बघून आले नव्हते.” वाटलं, त्यांना कुठला दिवस तेही कळणार नाही. पण ते माझ्याकडे स्वच्छ नजरेनं बघत होते, पूर्वीसारखे. म्हणाले, “माहीत आहे की. तुझ्या आवाजामागं बस ऐकू आली होती. तू गॅलरीत होतीस. आईच्या खोलीतनं बस ऐकू येत नाही.”

“मग तुम्ही का आला नाहीत घरी?”

“खोटं कशाला बोलशील असं वाटलं. आणि मॅच सोडवत नव्हती, तेही खरंच.” मग म्हणाले, “तेराव्याला एक पोर हातचं जाणार हे दिसतच होतं. दोन कशाला घालवू?”

उद्या लॅबला जाताना हे टपालात टाकेन.

श्रीविद्या


१ डिसेंबर २०२४

जया,

मागचं पत्र माझ्या पर्समध्येच आहे. सोमवारी टपाल कार्यालयाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले. मंगळवारी तेच. आता दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवतेय, कारण काल तुझा फोन आला आणि मी नीट बोलूच शकले नाही. काय बोलणं झालं ते मला कागदावर ठेवायचंय, म्हणजे पुढं आपल्यापैकी कुणी म्हणू नये की असं झालंच नाही.

मॅच सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. अनोळखी नंबर. मी उचलला.

तू म्हणालास, “अक्का.”

सात वर्षांनी.

तू म्हणालास, “तू गॅलरीत होतीस.”

मी विचारलं, “कोणी सांगितलं तुला? अण्णांनी लिहिलं? कार्तिकनं?” कार्तिकला तर काहीच माहीत नाही.

तू म्हणालास, “कोणी नाही. मी इथं स्वयंपाकघरात लॅपटॉपवर मॅच बघतोय. बाहेर बर्फ आहे, रस्ता बंद आहे. आणि मागून बस गेली. आपली बस, अक्का, आपल्या वळणावर गिअर बदलते तशी. आणि तुझा आवाज. ‘झोपलीय शांत.’ एवढंच.”

मग मी विचारलं, खुर्चीबद्दल का लिहिलंस? तू म्हणालास, “मला माहीत नाही कुठली खुर्ची. अण्णा काय म्हणतील ते मला टाइप करताना आपोआप कळतं, नेहमीचंच. त्या दिवशी एकदम काहीच कळेना, भिंत आल्यासारखी. हातानं ते लिहिलं. मी वाचलं तेव्हा मीच घाबरलो.”

मी “जया, माफ कर” म्हटलं. तू रागावला नव्हतास, हे कळलं मला. तू रडत होतास. मग म्हणालास, “अण्णांना दे.”

मी धावत गेले. “अण्णा, जयाचा फोन आहे, जर्मनीहून.” त्यांनी मोबाइलकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि माझा हात बाजूला केला.

“फोन कशाला? आत्ताच तर बोलतोय की.”

ते तू ऐकलंस. “मी येतो” एवढंच म्हणालास.

जया, लवकर ये.

अक्का


१९ जानेवारी २०२५

जया,

काल सकाळी तुझी टॅक्सी गेली. आज तू पोचल्याचा निरोप आला. तू इथं काढलेले अकरा दिवस तुला मी काय सांगणार? दारात बॅग घेऊन उभा राहिलास तेव्हा अण्णा म्हणाले, “या, बसा. दिवाणावर बसा हं, खुर्चीत आमचा मुलगा आहे.” तू बसलास. स्वतःच्या घरात अकरा दिवस पाहुणा म्हणून राहिलास आणि एकदाही म्हणाला नाहीस की अण्णा, मी जया आहे. तुझ्या जागी मी असते तर ओरडले असते.

मॅचच्या दिवशी तुम्ही दोघं शेजारी बसलात. तू म्हणालास, धीर धरायला हवा, पोरं लहान आहेत, दोन हंगाम द्या. अण्णा तुला म्हणाले, “आमचा मुलगाही हेच म्हणतो. बरोबर असतं त्याचं. तोंडावर सांगत नाही मी.” तू उठून मोरीत गेलास आणि नळ सोडून ठेवलास. बाहेर आलास तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम.

माझ्याबद्दल तू काही बोलला नाहीस. पण आईच्या खोलीत जाऊन आलास, आणि परवा गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभा राहिलास, बराच वेळ, खालून बस जात होत्या. म्हणालास, “मल्हार कुठं असतो आता?” मी म्हटलं, हुबळीला, मुलं आहेत त्याला. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. धाकटा असून. ते मला पुरे आहे.

आता जे तू बघितलं नाहीस ते लिहिते.

टॅक्सी वळेपर्यंत मी खाली उभी होते. वर आले तर अण्णा दारात होते, चप्पल न घालता, जिन्याकडे बघत.

म्हणाले, “गेला का जया?”

मला आधी वाटलं, रोजचंच. पण ते खुर्चीकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून विचारत होते. मी म्हटलं, “गेला अण्णा. आत्ताच टॅक्सीत बसला.”

“केस पांढरे झाले की त्याचे. अजून चाळिशीही नाही.” डोळे पुसले त्यांनी. “मी ओळखलं. पहिल्या दिवशी नाही. परवा ओळखलं. मग म्हटलं, पोरगं काही बोलत नाही, आपण कशाला बोला.”

मी त्यांना धरून आत आणलं. मला इतकं हलकं वाटत होतं, जया, तुला लगेच फोन करावा म्हणून मोबाइल हातात घेतला. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. अण्णा दिवाणापाशी आले आणि थांबले. माझा दंड घट्ट धरला. खुर्चीकडे बघून, अगदी हळू, परक्या माणसासमोर बोलतात तसं म्हणाले,

“श्री, जया तर गेला. मग हा कोण बसलाय?”

मी काय करणार होते? ओरडले असते तर ते आणखी घाबरले असते. मी त्यांचा हात सोडवला, सरळ गेले आणि त्या खुर्चीत बसले. जानेवारीतली सकाळ, सगळं घर गार होतं. वेत मात्र गार नव्हता.

“मी आहे अण्णा,” म्हटलं. “मीच आहे.”

ते बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे सैल झाले, दिवाणावर टेकले.

“आलीस ते बरं झालं,” म्हणाले. “अकरा दिवस या खुर्चीतला तो नुसता बघत बसला होता. एक शब्द बोलत नव्हता.”

तुझी
अक्का